सब्रोगेशनचा वाद लवादात कसा मांडायचा: अमेरिकी वाहन क्लेमवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

भारतात विमा उतरवलेल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर दुरुस्तीपुरतं प्रत्येक कंपनी आपल्या ग्राहकाचं आपणच निस्तरते. ‘नॉक फॉर नॉक’ करारामुळे त्या खर्चासाठी कंपन्या एकमेकींच्या मागे लागत नाहीत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसं नाही. तिथे ग्राहकाला पैसे दिले की कंपनी त्याच्या जागी उभी राहते आणि ज्याची चूक त्याच्या विमा कंपनीकडून ते वसूल करायला निघते. याला सब्रोगेशन म्हणतात. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी कंपन्यांचे क्लेम पाहणाऱ्या कितीतरी टीमचा दिवस याच वसुलीत जातो.

समोरच्या कंपनीने मागणी फेटाळली किंवा ‘आम्ही ६० टक्केच देऊ’ म्हणून ती अडून बसली, तर पुढचा टप्पा लवादाचा. वाहन विम्यातले असे वाद प्रामुख्याने आर्बिट्रेशन फोरम्स या संस्थेकडे जातात. ही ना-नफा संस्था १९४३ पासून काम करते आणि तिचं मुख्यालय फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे आहे. सदस्य कंपन्यांनी करारावर सही केलेली असते. करारात बसणारा वाद कोर्टात न्यायचा नाही, लवादातच सोडवायचा, हे त्यातलं मुख्य कलम. निर्णय देणारे पंच म्हणजे सदस्य कंपन्यांमधलेच अनुभवी क्लेमवाले. त्यांना प्रशिक्षण दिलेलं असतं आणि स्वतःच्या कंपनीचं प्रकरण त्यांच्याकडे येत नाही.

पंच कागद वाचून निर्णय देतो. तो तुम्हाला फोन करत नाही, राहिलेला फोटो मागत नाही, पोलिसांना विचारायला जात नाही. अ‍ॅडजस्टरच्या (क्लेम हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) डोक्यात सगळं स्वच्छ असतं, पण फाइलमध्ये नसतं, आणि म्हणून हातची प्रकरणं जातात. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही दरी बुजवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: हे प्रकरण लवादात बसतं का

अपघाताच्या तारखेला समोरच्या गाडीचा विमा नेमका कोणत्या कंपनीचा होता ते पाहा. मोठ्या विमा समूहांत एकाच ब्रँडखाली दहा-पंधरा वेगवेगळ्या कंपन्या असतात आणि सदस्यत्व त्या त्या कंपनीचं असतं. विमा कार्डावर किंवा पोलिस रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा फक्त ब्रँडचं नाव असतं. समोरच्या अ‍ॅडजस्टरकडून पॉलिसी देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव आणि क्लेम नंबर ई-मेलवर लेखी घ्या. चुकीच्या कंपनीवर प्रकरण दाखल झालं तर शुल्क वाया जातं, आणि बरोबर कंपनीविरुद्ध मुदतीचं घड्याळ तोवर चालूच राहतं. दुसरं नुकसान जास्त महाग पडतं.

समोरची कंपनी सदस्य नसेल, तर तिने त्या एका प्रकरणापुरती लेखी संमती दिली तरच लवाद चालतो. चालकाचा विमाच नसेल तर लवादाचा प्रश्नच येत नाही. मग चालकाशी हप्ते ठरवणं, स्मॉल क्लेम्स कोर्ट किंवा वकील, हेच मार्ग उरतात.

मग सक्तीच्या कक्षेबाहेरच्या गोष्टी तपासा. वाहन विभागात दावा १ लाख डॉलरच्या वर असेल तर समोरच्याच्या संमतीशिवाय त्याला लवादात ओढता येत नाही. समोरच्या कंपनीने आपल्याच ग्राहकाचं संरक्षण नाकारलं असेल, म्हणजे पॉलिसी बंद पडली होती किंवा त्या चालकाला ती लागूच नव्हती, तर तो वादही बाहेर जातो. करारावर सही होण्याआधीपासून कोर्टात चालू असलेला दावाही त्यात येत नाही.

पॉलिसीची मर्यादा हा नव्या माणसाला हमखास चकवणारा मुद्दा. कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीचं किमान संरक्षण २०२४ अखेरपर्यंत फक्त ५,००० डॉलर होतं. १ जानेवारी २०२५ पासून ते १५,००० झालं. आजच्या साध्या गाडीचा बंपर, त्यातला सेन्सर आणि एक हेडलाइट एवढ्यातच ५,००० संपतात. तुमची मागणी मर्यादेच्या वर जात असेल, तर मर्यादेइतकाच निवाडा मान्य आहे आणि उरलेल्या रकमेसाठी समोरच्या ग्राहकाच्या मागे लागणार नाही, असं लिहून देऊन प्रकरण लवादात ठेवता येतं. हा हक्क सोडण्याआधी सुपरवायझरची परवानगी घ्या. एकदा सोडला की परत मिळत नाही.

दाखल करण्याआधी तडजोडीचा खरा प्रयत्न झालेला असावा आणि त्याची फाइलमध्ये नोंद असावी. कधी मागणी पाठवली, कधी उत्तर आलं, किती टक्क्यांवर अडलं, एवढं पुरे. बरीच प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात आणि मिटलेलीच बरी. ८० टक्क्यांची ऑफर हातात असताना १०० टक्क्यांच्या हट्टाने लवादात जायचं असेल, तर उरलेले २० टक्के आणायला पुरावा काय आहे, हे आधी स्वतःला विचारा.

दुसरी पायरी: मुदत

लवादात प्रकरण दाखल करणं हे मुदतीच्या दृष्टीने कोर्टात दावा दाखल केल्यासारखंच धरलं जातं. म्हणून त्या राज्याची मालमत्ता-नुकसानीचा दावा करायची मुदत संपण्याआधी दाखल व्हायलाच हवं. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात ही मुदत २ वर्षं, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३, इलिनॉय आणि व्हर्जिनियात ५, न्यू जर्सीत ६. फ्लोरिडात ती ४ वर्षं होती. २४ मार्च २०२३ नंतर घडलेल्या निष्काळजीपणाच्या प्रकरणांना ती २ वर्षं झाली. जुन्या तक्त्यावर विसंबून फ्लोरिडाच्या फाइली मागे ठेवणाऱ्यांना याचा फटका बसतो.

मुदत अपघात जिथे घडला त्या राज्याची पाहायची, ग्राहक जिथे राहतो तिथली नव्हे. समोर सरकारी गाडी असेल, म्हणजे शाळेची बस, पोलिसांची गाडी किंवा महापालिकेचा कचऱ्याचा ट्रक, तर आधी त्या सरकारी संस्थेला वेगळी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत फार छोटी असते. कॅलिफोर्नियात अशा नुकसानीसाठी ६ महिने आहेत. समोरच्या गाडीवर सरकारी चिन्ह दिसलं की बाकीचं काम थांबवून आधी हे पाहा.

अमेरिकी तारखेत महिना आधी येतो. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. डायरीत मुदत टाकताना इथे घोळ झाला तर महिनाभराचा फरक पडतो.

तिसरी पायरी: राज्याचा दोषाचा नियम

टक्क्यांवर भांडण्याआधी त्या राज्यात टक्क्यांचा अर्थ काय ते समजून घ्या. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये तुमच्या चालकाचा दोष ७० टक्के ठरला तरी उरलेले ३० टक्के मिळतात. टेक्सास, इलिनॉय, ओहायो इथे तुमचा दोष ५० टक्क्यांच्या वर गेला की हाती शून्य. फ्लोरिडाही २४ मार्च २०२३ पासून याच गटात आला. जॉर्जिया आणि कोलोरॅडोत बरोबर ५० टक्क्यांवरच दार बंद होतं, त्यामुळे तिथे ‘दोघांची सारखी चूक’ हा निर्णय म्हणजे तुमची हार.

सगळ्यात कडक नियम अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनियाचा. तिथे तुमच्या चालकाचा अगदी थोडा दोष सिद्ध झाला तरी काही मिळत नाही. त्यामुळे समोरचा मोठा वाद घालतच नाही. ‘तुमच्या चालकाने वेळेवर ब्रेक लावला नाही’ एवढं एक वाक्य आणि त्यामागे एक पुरावा त्याला पुरतो. या राज्यांत आपली बाजू लिहिताना आपला चालक काय काय बरोबर करत होता ते तपशिलाने मांडावं लागतं: वेग, लेन, सिग्नल, नजर कुठे होती, टाळण्यासाठी काय केलं.

मिशिगन वेगळंच. तिथल्या नो-फॉल्ट पद्धतीत (चूक कोणाचीही असो, प्रत्येकाने आपापल्या विम्यातून भरायचं) गाडीच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या चालकाकडून साधारणपणे वसुली होत नाही. अपवाद ‘मिनी-टॉर्ट’चा, म्हणजे दोषी चालकाकडून मागता येणाऱ्या छोट्या रकमेचा, आणि त्याची कमाल मर्यादा जुलै २०२० पासून ३,००० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये नो-फॉल्ट वैद्यकीय खर्चाच्या वसुलीसाठी ‘लॉस ट्रान्सफर’ नावाची सोय आहे. अपघातातलं एखादं वाहन ६,५०० पौंडांपेक्षा जड असेल किंवा मुख्यतः भाड्याने माणसं वा माल नेण्यासाठी वापरलं जात असेल तरच ती लागू होते, आणि तिच्यासाठी लवाद कायद्यानेच सक्तीचा केलेला आहे. टॅक्सी किंवा ट्रक दिसला की हे आठवा.

चौथी पायरी: पुरावा

पोलिस रिपोर्टला नवे लोक फार भाव देतात. रिपोर्टचे दोन भाग करून वाचा. अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेलं, म्हणजे गाड्या थांबल्या ती जागा, घसरटीच्या खुणांची लांबी, पावसाने ओला रस्ता, हे वजनदार. त्याने काढलेला निष्कर्ष, म्हणजे चूक कोणाची, हे त्याचं मत. अपघात झाला तेव्हा तो तिथे नव्हता. पंच ते वाचतो, पण तेवढ्यावर निर्णय देत नाही, आणि चालान फाटलं म्हणजे दोष सिद्ध झाला असंही धरत नाही. शिवाय रिपोर्टमध्ये बरंच काही आकडी कोडमध्ये असतं. कॅलिफोर्नियाचा सीएचपी ५५५, टेक्सासचा सीआर-३ हे त्या त्या राज्याचे रिपोर्टचे फॉर्म, प्रत्येकाची कोडची यादी वेगळी. कोड उलगडून आपल्या मांडणीत लिहा. पंचाने यादी शोधत बसावं ही अपेक्षा ठेवू नका.

फोटो नुसते जोडू नका, प्रत्येकाला नंबर द्या आणि त्यात काय दिसतं ते एका ओळीत लिहा. चाळीस फोटोंची निनावी झिप फाइल म्हणजे पुरावा नसल्यातच जमा. सहा चांगले फोटो पुरतात: लांबून पूर्ण गाडी, धडकेची जागा जवळून, दोन्ही गाड्या एका चौकटीत असतील तर तो, रस्त्याची खूण, सिग्नल किंवा स्टॉपची पाटी, आणि समोरच्या गाडीचं नुकसान. हा शेवटचा फोटो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागणी पाठवतानाच मागून घ्या.

लेन बदलताना घासलेल्या गाड्यांमध्ये ओरखड्याची दिशा पाहा. आपल्या गाडीच्या बाजूवरचा ओरखडा मागून पुढे सरकत गेला असेल, तर समोरची गाडी आपल्यापेक्षा वेगात होती. पुढून मागे गेला असेल तर आपली गाडी वेगात होती. ‘तुमच्याच चालकाने मागून येऊन घासलं’ या आरोपाला याहून नेमकं उत्तर मिळणं कठीण. मात्र ओरखडा नेमका कुठे सुरू झाला ते जवळच्या फोटोत दिसायला हवं. दुरून काढलेल्या फोटोत दोन्ही दिशा सारख्याच दिसतात.

जबाबाचं नुसतं रेकॉर्डिंग जोडून भागत नाही. कामाचं वाक्य लिहून काढा आणि ते कोणत्या मिनिट-सेकंदाला येतं ते नमूद करा. साक्षीदार स्वतंत्र आहे की गाडीतला प्रवासी, हेही लिहा. प्रवाशाचा जबाब टाकाऊ नसतो, पण त्याला त्रयस्थ म्हणून पुढे केलंत आणि समोरच्याने ते दाखवून दिलं, तर तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

क्लेम सिस्टिममधल्या अंतर्गत नोंदी पुराव्यात कधीही जोडू नका. ‘आपल्यावर २० टक्के येऊ शकतात’ असं अ‍ॅडजस्टरने कधीतरी लिहून ठेवलेलं असतं, क्लेमसाठी बाजूला ठेवलेल्या राखीव रकमेचे आकडे असतात. घाईत सगळ्या नोंदींची एकच पीडीएफ काढून चढवली जाते आणि समोरची कंपनी ते वाक्य उचलून आपल्या उत्तरात घालते. ग्राहकाचा सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचे तपशील, असंबद्ध वैद्यकीय माहिती, हेही झाकूनच कागद चढवायचे.

पाचवी पायरी: बाजू लिहिणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आधी एक अगदी प्राथमिक गोष्ट. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, चालक डावीकडे बसतो. समोरून येणारी वाहतूक कापत घेतलं जाणारं धोक्याचं वळण तिथे डावं, आपल्याकडे उजवं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही घाईत काढलेल्या आकृतीत गाड्या आपल्या सवयीने डाव्या बाजूला येतात. आकृतीत गाडी चुकीच्या लेनमध्ये आणि मजकुरात बरोबर लेनमध्ये दिसली की पंच दोन्हींवर शंका घेतो. लिहून झाल्यावर आकृती आणि मजकूर शेजारी ठेवून दिशा जुळवा, ‘पूर्वेकडे’, ‘उत्तरेकडे’ सकट.

डाव्या वळणाचा अपघात घेऊ. आपला ग्राहक चौकातून सरळ जातोय, समोरून आलेली गाडी डावीकडे वळली आणि धडक झाली. कच्ची मांडणी अशी दिसते: ‘समोरच्या चालकाने निष्काळजीपणे वळण घेतलं. दोष १०० टक्के त्याचा. पोलिस रिपोर्ट पाहावा.’ यात पंचाला धरायला काही नाही.

आता हेच प्रकरण कॅलिफोर्नियातलं आहे असं धरून नीट मांडू. आपला चालक पूर्वेकडे, हिरव्या सिग्नलवर, सरळ लेनमध्ये होता. स्वतंत्र साक्षीदाराने हे सांगितलं आहे, रेकॉर्डिंगमध्ये ०४:१२ वर. डावीकडे वळणाऱ्याने समोरून जवळ आलेल्या गाडीला वाट द्यायची, असं कॅलिफोर्निया व्हेइकल कोडचं कलम २१८०१ सांगतं. वळणाऱ्या गाडीच्या उजव्या पुढच्या दारावर मार आहे (फोटो ३), म्हणजे ती आपल्या चालकाच्या लेनमध्ये नुकतीच शिरत होती. आपल्या चालकाने ब्रेक लावून गाडी उजवीकडे घेतली. पोलिसांच्या आकृतीतली घसरटीची खूण उजवीकडे झुकलेली आहे (रिपोर्ट, पान ४). टाळायला जागा उरली नव्हती. मोजक्या वाक्यांत चालकाचं कर्तव्य, ते मोडल्याचं, त्यामुळेच धडक झाल्याचं आणि टाळण्याच्या प्रयत्नाचं, असं सगळं आलं, आणि प्रत्येकामागे कागद आहे.

धडकेची जागा वेगळी असती तर चित्र पालटलं असतं. वळणाऱ्या गाडीचा मार उजव्या मागच्या चाकाजवळ असेल, तर ती वळण जवळजवळ पूर्ण करून निघाली होती, आणि आपला चालक वेगात होता किंवा त्याने पाहिलंच नाही, असं समोरचा म्हणणार. हे आधी ओळखून आपल्याच मांडणीत उत्तर द्या. वेगमर्यादा काय होती, आपल्या चालकाचा वेग किती होता, सिग्नल कधी बदलला. ‘नंतर उत्तर देऊ’ म्हणून मुद्दा राखून ठेवण्याची सवय इथे घातक.

‘आमचा ग्राहक अत्यंत प्रामाणिक असून वीस वर्षांत त्याचा एकही अपघात नाही’ यासारखी वाक्यं काढून टाका. त्यांचा उपयोग शून्य, आणि पंचाला वाचायला कंटाळा.

सहावी पायरी: रक्कम सिद्ध करणं

दोष सिद्ध करून रक्कम हरणारी प्रकरणं कमी नाहीत. एक सरळ हिशेब पाहू. दुरुस्तीचं बिल ६,८४० डॉलर. त्यातले ५०० डिडक्टिबल, म्हणजे पॉलिसीनुसार ग्राहकाने स्वतः सोसायचा वाटा, ग्राहकाने भरले, कंपनीने ६,३४०. भाड्याची गाडी १२ दिवस, रोज ३८ प्रमाणे ४५६. टोइंग २१५. कंपनीचे एकूण ७,०११, त्यात ग्राहकाचे ५०० मिळवून मागणी ७,५११ ची. पंचाने समोरच्यावर ८० टक्के दोष ठेवला तर निवाडा ६,००८ डॉलर ८० सेंटचा.

यातल्या प्रत्येक आकड्याला दोन कागद लागतात. एक, किती खर्च आला याचा: एस्टिमेट, बिल. दुसरा, तो खरंच दिला याचा: पेमेंटचा स्क्रीनशॉट किंवा चेकची नोंद. एस्टिमेट आणि दिलेली रक्कम जुळत नसेल तर मधल्या सप्लिमेंट, म्हणजे नंतर वाढलेल्या खर्चाची पुरवणी एस्टिमेट, जोडा. बिल ६,८४० चं, पहिलं एस्टिमेट ५,१०० चं आणि सप्लिमेंट फाइलमध्ये नाही, असं झालं की पंच ५,१०० वर थांबतो. आणि त्यात त्याची चूक नसते.

भाड्याच्या गाडीचे दिवस दुरुस्तीच्या तासांशी जुळायला हवेत. एस्टिमेटमध्ये २० तासांचं काम आहे आणि भाडं २६ दिवसांचं आहे, तर पार्ट उशिरा आल्याचा किंवा मध्ये सुट्ट्या आल्याचा दुकानाचा लेखी खुलासा जोडा. टायर, बॅटरी यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू नव्या टाकल्या असतील तर समोरचा झीज वजा करायला सांगतो, आणि बहुतेकदा ते रास्त असतं.

टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून पूर्ण किंमत दिली असेल तेव्हा, गाडीची बाजारातली किंमत, त्यावरचा कर आणि नोंदणी शुल्क मिळवायचं आणि सॅल्व्हेजमधून (मोडकी गाडी विकून) आलेले पैसे वजा करायचे. १४,२०० किंमत, १,१८० कर व शुल्क, सॅल्व्हेजचे ३,१५० आले, तर मागणी १२,२३० ची. मूल्यांकनाचा पूर्ण अहवाल जोडा. पहिलं पान पुरत नाही, कारण तुलनेला घेतलेल्या गाड्या आणि त्यांचे मैल आतल्या पानांवर असतात. सॅल्व्हेज विक्रीची पावती विसरू नका. गाडी अजून विकली गेली नसेल तर ते लिहा.

सातवी पायरी: दाखल करणं

सगळं काम ऑनलाइन होतं. सध्याच्या टोटल रिकव्हरी सोल्यूशन या प्रणालीत वसुली मागणारा तो रिकव्हरिंग पार्टी आणि ज्याच्यावर मागणी तो रिस्पॉन्डिंग पार्टी. जुन्या फाइलींत तुम्हाला अ‍ॅप्लिकंट आणि रिस्पॉन्डंट दिसतील, तेच हे. प्रत्येक खर्च वेगळ्या फीचरखाली, म्हणजे त्या खर्चाच्या स्वतंत्र नोंदीखाली, टाकायचा असतो. त्या त्या फीचरचा पुरावा त्याच्याशीच जोडा, सगळा ढीग एकाच ठिकाणी टाकू नका. तिसरी गाडीही दोषी असण्याची शक्यता असेल तर तिच्या कंपनीलाही सुरुवातीलाच पक्षकार करा. साखळी धडकेत फक्त मागच्या गाडीवर प्रकरण टाकलं आणि पंचाने ४० टक्के दोष अनुपस्थित गाडीवर ठेवला, तर ते ४० टक्के तुम्हाला कोणाकडून मिळायचे?

समोरून प्रकरण आलं तर

तुमच्या कंपनीवर प्रकरण दाखल झाल्याची सूचना आली की उत्तराला साधारण ३० दिवस असतात. पहिल्याच दिवशी पॉलिसी मर्यादा, मुदत, आधी झालेली तडजोड किंवा दिलेले पैसे, आणि संरक्षण नाकारल्याची स्थिती तपासा. यांपैकी जे लागू असेल ते स्वतंत्र बचाव म्हणून स्पष्ट लिहावं लागतं. लिहिलं नाही तर पंचाला दिसत असूनही तो ते विचारात घेत नाही. हा बचाव आणि ‘आमची चूक नाही’ हे म्हणणं यांची गल्लत करू नका. दुसरं दोषाबद्दलचं म्हणणं आहे आणि त्याची जागा वेगळी.

संरक्षण नाकारल्याचं म्हणत असाल तर ग्राहकाला पाठवलेलं नकाराचं पत्र जोडा. ‘हक्क राखून चौकशी चालू आहे’ हे पत्र म्हणजे नकार नव्हे. मर्यादा संपल्याचं म्हणत असाल तर पॉलिसीचं डिक्लेरेशन पान (ज्यावर मर्यादा लिहिलेल्या असतात) आणि त्याच अपघातात आधी दिलेल्या रकमांचा पुरावा लागेल.

रकमेवर आक्षेप असेल तर तोही याच उत्तरात, आणि आकड्यासह. ‘रक्कम जास्त वाटते’ याला अर्थ नाही. कोणती ओळ, किती तास जादा, बाजारात त्या पार्टची किंमत किती, हे तुमच्या तपासनिसाच्या अहवालासकट द्या. आक्षेप नोंदवलाच नाही तर पंच त्या आकड्यात हात घालत नाही.

तुमच्या कंपनीनेही त्या अपघातात आपल्या ग्राहकाला पैसे दिले असतील तर प्रतिदावा त्याच वेळी टाका. ‘पुढे वेगळं दाखल करू’ म्हणून मागे ठेवलेला प्रतिदावा हातचा जाऊ शकतो. त्याच अपघातातून जखमींचा दावा कोर्टात चालू असेल तर स्थगिती मागता येते, पण नुसतं ‘प्रकरण प्रलंबित आहे’ म्हणून चालत नाही, कारण द्यावं लागतं. लवादातला निर्णय त्या जखमीच्या दाव्यात बंधनकारक ठरत नाही, हे ग्राहकाचा वकील घाबरून विचारतो तेव्हा सांगता यायला हवं.

निर्णयानंतर

निर्णयात पंच दोषाची टक्केवारी, रक्कम आणि थोडक्यात कारण लिहितो. तो अंतिम असतो, अपील नाही. बेरजेची चूक किंवा चुकीच्या पक्षावर टाकलेली रक्कम, अशा लिपिकी चुका ठरलेल्या मुदतीत दाखवता येतात. ‘पंचाने आमचा साक्षीदार नीट वाचला नाही’ ही तक्रार तिथे चालत नाही. हरलेल्या कंपनीने निवाड्याची रक्कम ३० दिवसांत भरायची असते. तारीख डायरीत टाका आणि एकतिसाव्या दिवशी आठवण पाठवा. दिरंगाईचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: समोरच्या कंपनीत क्लेम दुसऱ्या माणसाकडे गेलेला.

पैसे जमा झाले की ग्राहकाच्या डिडक्टिबलचा हिस्सा काढा. आपल्या उदाहरणात कॅलिफोर्नियात ८० टक्के मिळाले तर ५०० पैकी ४०० ग्राहकाला परत जातात. काही राज्यांत आधी ग्राहकाचं पूर्ण नुकसान भरून निघालं पाहिजे असा नियम आहे, तिथे हिशेब बदलतो. म्हणून चेक काढण्याआधी त्या राज्याचा नियम पाहा आणि फाइलमध्ये लिहून ठेवा. पत्ता बदललेला असतो, तोही फोन करून विचारून घ्या. अपघातानंतर वर्षभराने आलेला ४०० डॉलरचा चेक जुन्या घरी जाऊन परत आला, की तीच फाइल पुन्हा उघडावी लागते.